खोलून पाहिलेली लेन्स

फसवणूक या विषयात मी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो, हे आधीच कबूल केलेलं बरं. चौतीस वर्षं मी कॅमेरे दुरुस्त केले. पार्सलने कॅमेरा मागवून पस्तावलेली माणसं शेवटी माझ्याच टेबलासमोर येऊन बसायची. कुणाच्या खोक्यात चार्जरच नसायचा, कारण तो वेगळा विकायचा असतो. कुणाचं गॅरंटी कार्ड भलत्याच देशाचं निघायचं. एका बिचाऱ्याला नुसता कॅमेरा आला, लेन्सच नाही; जाहिरातीतल्या फोटोत होती म्हणे. मी सगळ्यांना एकच ऐकवायचो, "मागवायच्या आधी मला विचारायचं होतं." हे वाक्य बोलायला फार छान वाटतं.

म्हणून सूनबाईने मागवायच्या आधी खरोखरच मला विचारलं, तेव्हा माझी छाती फुगली. तिला जवळून फोटो काढायची लेन्स हवी होती. मूल झाल्यापासून सहा वर्षं ती घरात होती आणि आता दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला गुरुवारी चाचणीला बोलावलं होतं. दातांचे फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वच्छ आले, तर काम कायमचं. नाही आले, तर बाईंकडे आणखी दोघं रांगेत होते. कॅमेरा तिचा जुनाच होता, पण लेन्सवाचून अडलं होतं.

मी कागदावर अकरा प्रश्न लिहिले आणि फोन घेऊन बसलो.

पहिल्या दुकानाचा भाव सगळ्यांत कमी होता. तिथला माणूस इतका गोड बोलत होता, की मला तेव्हाच कळलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

"सर, या भावात झाकण येत नाही. सर, फिल्टर तर घ्याच. आणि सर, हिच्या काचा जरा साध्या आहेत, चांगली हवी असेल तर वरची घ्या."

"मला जाहिरातीत आहे तीच द्या," मी म्हटलं.

लगेच ती संपली. दोन मिनिटांपूर्वी होती आणि संपली! मी फोन आपटला. फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दुकानात एका मुलीने फोन उचलला. अकराही प्रश्नांची उत्तरं तिने सरळ दिली. कंपनीची गॅरंटी, दोन वर्षं. खोक्यात काय काय येतं ते वाचून दाखवलं. फिल्टर घ्यावा का, असं मीच खोदून विचारलं, तर म्हणाली, "दातांसाठी काही गरज नाही, काका." माल परत घेता का? "सात दिवसांत घेतो. फक्त कुणी स्क्रू काढून आतून खोललेला नको."

मी लेन्स मागवली खरी, पण माझा पार गोंधळ उडाला. विकणारी बाई घेऊ नका म्हणते? यात डाव काय असेल? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझ्यावर तर ताक नुसतं बघून घाम फुटायची वेळ आली.

मंगळवारी सकाळी पार्सल आलं. सूनबाई नातीला शाळेत सोडायला गेली होती. "आलं तर घेऊन ठेवा, बाबा," एवढंच सांगून गेली होती. मी टेबलावर स्वच्छ कापड पसरलं आणि खोकं पुढ्यात घेतलं. सील शाबूत. खोक्यावरचा नंबर आणि लेन्सवरचा नंबर एकच. कार्डावर शिक्का. सगळं बरोबर होतं आणि म्हणूनच मला काही सुचेना. तेवढ्यात लेन्सच्या मागच्या कड्यावरचे चार स्क्रू दिसले. त्यातल्या एकाची खाच किंचित चकाकत होती, कुणी आधी फिरवला असावा तशी. भिंग लावलं, चकाकत होती. खिडकीपाशी नेलं, नव्हती. परत टेबलावर आणलं, होती.

"अहो, ती आल्यावर बघा ना," आमची ही म्हणाली.

"ही कुणीतरी वापरून, खोलून, परत खोक्यात भरलेली असली तर?"

"आणि नसली तर?"

या प्रश्नावर मी विचार करत होतो, असं मला पक्कं आठवतं. तोवर दोन स्क्रू बाहेरही आले होते.

आत सगळं नवंकोरं होतं. ग्रीस ताजं, काचा निर्मळ. कड्याखाली कागदाहून पातळ अशा धातूच्या चकत्या होत्या. कडं चारी बाजूंनी सारखं बसावं म्हणून कारखान्यात त्या बेतून घालतात. कडं परत बसवताना त्या मी जिथल्या तिथे ठेवल्या. निदान मला तसं वाटलं. म्हणजे दुकानातली मुलगी खरं बोलत होती! मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगतो, जरा निराशाच झाली.

सूनबाई आली ती चपला न काढताच टेबलाशी.

"तपासलीत ना, बाबा?"

"अगदी आतून-बाहेरून," मी म्हटलं. ती हसली.

तिने सासूला खिडकीत बसवून बत्तीशी दाखवायला लावली. काढलेला फोटो मोठा करून पाहिला. डावीकडचे दात लख्ख, उजवीकडचे धुरकट. परत काढला. तेच. पाच वेळा तेच.

"उजवीकडचे माझे खोटे आहेत, म्हणून असेल," ही म्हणाली.

"फसवलं त्यांनी," सूनबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही एवढं विचारलंत, तरी फसवलं."

माझं डोकं चालेना. लेन्स अशीच आली होती का? तसं असेल तर दुकानाने फसवलं. की माझ्या हातून चकती सरकून कडं तिरकं बसलं? तसं असेल तर मी. खोलण्याआधी ती कशी होती, ते आठवायला लागलो. खोलण्याआधी मी तिच्यातून एकदाही बघितलं नव्हतं. नंबर बघितला, सील बघितलं, स्क्रू बघितले. लेन्समधून बघायचंच राहिलं.

तोवर सूनबाईने दुकानाला फोन लावून स्पीकरवर टाकला होता. तीच मुलगी होती.

"एक बाजू धुरकट? आजच दुसरी पाठवते, उद्या मिळेल. एकच विचारायचं आहे, मागचे स्क्रू कुणी खोलले नाहीत ना?"

"छे हो! आमच्या बाबांनी तपासली ती. या धंद्यातलेच आहेत ते. थांबा, तेच सांगतील." आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

नाही म्हटलं असतं, तर गुरुवार वाचला असता. ती मुळात तशीच आली असेल तर त्यांचं काय बिघडणार आहे, असंही मनात येऊन गेलं. आमची ही माझ्याकडे एकटक बघत होती. तिने स्क्रू बाहेर येताना पाहिले होते. ती बोलली असती का, हे मला आजही माहीत नाही.

"मी खोलली," मी म्हटलं. "आधी चांगली होती का, ते सांगता येत नाही. मी बघितलंच नाही."

दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, मग परत घेता येणार नाही. गॅरंटीही गेली." हेही तिने सरळच सांगितलं.

सूनबाईने फोन बंद केला. "आधी एक फोटो तरी काढून बघायचा होता, बाबा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चौतीस वर्षांत माझ्याकडे चांगली वस्तू कधी कुणी आणलीच नाही गं," मी म्हटलं. "हातात आली की खोलायची, एवढंच मला येतं."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता दार लागणार. ती माझा हत्यारांचा डबा घेऊन बाहेर आली आणि तो टेबलावर ठेवला.

"आज मंगळवार आहे. परत खोला."

मी पहिल्या स्क्रूला हात घातला. आयुष्यात पहिल्यांदाच मला लेन्स खोलायची भीती वाटली.

"तू शेजारी बस," मी म्हटलं. "एकेक चकती कशी निघते, त्याचा फोनवर फोटो काढत जा. माझ्यावर विसंबू नकोस."

तिने खुर्ची ओढली आणि फोन माझ्या हातांवर धरला.