पाचवा ठोका

आमच्या घरात एका लाल टोपीचा कायदा होता. ती वॉशिंग मशीनच्या कपाटाएवढ्या खोलीच्या कडीवर लटकली, की आत माझा नवरा वाइनो काडतुसं भरतोय, आणि तोवर कुणी त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. घराला आग लागली तरी आधी मनात दहा मोजायचे आणि मग हाक मारायची, असं तो म्हणायचा. मी म्हणायची, "आग लागली तर मी टोपीच आधी टाकेन त्यात."

लाकडाची गिरणी बंद पडल्यावर आम्ही या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहायला आलो, आणि इथे जागा म्हणजे नावालाच. म्हणून नवऱ्याने मशीनच्या झाकणावर एक फळी बसवली, फळीवर ते हाताने दाबायचं यंत्र, आणि समोर एक स्टूल. गुडघे मशीनला टेकलेले, पाठीला दार. एका वेळी एक डबा, पंचवीस काडतुसं. त्याच्या बापाची दुनळी बंदूक इतकी जुनी, की दुकानातल्या जोरकस काडतुसांनी ती फुटली असती. तिला जपून, हलक्या हाताने भरलेलीच लागत. रिकाम्या नळीत दारू आणि छरे भरून एक काडतूस व्हायला यंत्राच्या दांड्याचे पाच ठोके, पाचव्याला तोंड बंद. मी स्वयंपाक करताना ते ऐकत असे, पण त्या कपाटात मी कधी पाऊल टाकलं नाही. माझं त्या फळीशी वैर होतं. ती उचलल्याशिवाय मशीन उघडत नसे.

एप्रिलमधल्या त्या गुरुवारी माझ्या हातात ओल्या चादरींचा बोळा होता. गुरुवार माझा धुण्याचा, हे त्याला चव्वेचाळीस वर्षं माहीत होतं. "अर्धाच तास," म्हणून आत गेला त्याला दीड तास झाला होता. मी टोपी ओढून फेकली, दार उघडलं आणि म्हणाले, "तुला या नळ्यांसकट पुरतील, तेव्हाच माझ्या चादरी धुऊन होणार का रे?"

चार ठोके झाले होते. पाचवा राहिला. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दार आपटलं. दोन-तीन मिनिटं आतून आवाज आला नाही. मग तो बाहेर आला, हात धुतले, टेबलाशी बसला, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, आणि तो तुकडा कपातच राहिला.

लोकांना मी सांगितलं, तो काडतुसं भरता भरता गेला, आनंदात गेला. रडणाऱ्या बाईला कोण विचारतं? लोक भेटायला येणार म्हणून मीच कपाट आवरलं. चोवीस तयार काडतुसं डब्यात होती. एक रिकामी नळी फळीवर पालथी होती, ती अजून भरायची राहिलेली समजून मी सरळ करून रिकाम्या नळ्यांच्या पिशवीत टाकली. दार लावलं.

पुढच्याच गुरुवारी ते सुरू झालं. मी बटाटे सोलत होते. कपाटातून ठक. मग ठक, ठक, ठक. आणि मग काही नाही. मी दार उघडलं तर यंत्रावर धूळ, दांडा वर. मशीन तर मी चालूच केलं नव्हतं. त्यानंतर दर गुरुवारी चारच. पाचव्याची वाट बघत मी हातातला चाकू तसाच धरून उभी राहायची. मी कपडे गावातल्या लाँड्रीत न्यायला लागले. शेजारणी म्हणायच्या, बिचारी, त्याच्या वस्तू हलवत नाही. मी मान डोलवायची. मला माझीच शिसारी यायची.

तितरांची शिकार पंधरा सप्टेंबरला सुरू होते. त्या सकाळी आमची मार्लिस आली. ती लाकडांचा ट्रक चालवते, आवाज तिच्या बापासारखा नाही, माझ्यासारखा.

"आई, बाबांचा शेवटचा डबा दे. आज त्यांच्याच बंदुकीनं, त्यांचीच काडतुसं. दलदलीच्या कडेला, जिथं ते मला न्यायचे."

"दुकानातली घे ना."

"दुकानातली? त्या बंदुकीत? तोंड फुटेल माझं. बरी आहेस ना?"

"मग नको जाऊस."

"पाच महिने मी या दिवसाची वाट बघतेय, आणि तू म्हणतेस नको जाऊस?" तिने डबा स्वतःच काढला. झाकणावर वाइनोच्या अक्षरात तारीख होती. ती त्यावरून अंगठा फिरवत होती, आणि मला त्या अंगठ्याशिवाय काही दिसत नव्हतं. त्या चोवीसांत एक असं होतं जे मी मध्येच तोडलं होतं. चार ठोके झालेलं. रागाच्या भरात त्याने त्यात पुन्हा बंदुकीची दारू घालून, मला ऐकू न येता पाचव्यांदा दांडा दाबला असेल तर? दुप्पट दारू, जुनी बंदूक, आणि माझ्या मुलीचा गाल तिला टेकलेला.

"मार्लिस, ते वाजवू नकोस. मी मध्ये बोलले होते."

"कुणाच्या मध्ये?"

"त्याच्या. टोपी होती दारावर. मी ती फेकली." आणि मी सांगितलं. चादरी, शब्द, सगळं, जसंच्या तसं. सांगताना ते वाक्य पुन्हा माझ्याच तोंडून बाहेर पडलं.

तिने डबा टेबलावर ठेवला. "आनंदात गेले म्हणालीस तू. चर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हणालीस."

"हो."

"मी तेच धरून बसले होते गं."

मग तिने शिकारीचं केशरी जाकीट काढलं, बापाचा छोटा तराजू आणला, आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. एकेक काडतूस कापलं. छरे एका ताटलीत, दारू तराजूत, आणि मग पत्र्याच्या थाळीत. मी फक्त बोटांनी मोजत होते. पहिलं बरोबर. दहावं बरोबर. विसावं बरोबर. चोविसावंही बरोबर निघालं, काट्यावर काटा.

"सगळी चोख," ती म्हणाली. "मग बाबांच्या हातातलं कुठंय? पंचविसावं?"

"तेवढीच होती. एक रिकामी नळी होती फळीवर, पालथी. ती मी सरळ करून पिशवीत टाकली."

तिने चाकू खाली ठेवला. "पालथी? नक्की पालथी?"

"का गं?"

"आई, मध्ये कुणी बोललं की भरलेलं सगळं परत ओतायचं आणि नळी पालथी घालून ठेवायची. म्हणजे कळतं, ही मोडली, हिच्यावर विश्वास नाही. आठ वर्षांची होते तेव्हा शिकवलंय त्यांनी मला."

"मला कधी नाही सांगितलं."

"तू कधी आत गेलीस?"

मला ओक्साबोक्शी रडू आलं. ती दोन-तीन मिनिटं मी इतके दिवस त्याच्या रागाची समजत होते. तो आत बसून, मी जे बोलले ते ऐकून घेऊन, छरे बाटलीत परत ओतत होता, आवाज न करता, कुणाला इजा होऊ नये म्हणून. आणि त्याने नीट केलेली चोवीस काडतुसं आम्ही आत्ताच कापून टाकली होती, कारण मी पाच महिने तोंड शिवून बसले होते.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"दारू त्यांनीच मोजलेली आहे. छरे त्यांचेच. नळ्या पिशवीत आहेत." ती उठली. "अजून रागावलेय मी तुझ्यावर. आत्ता बोलू नकोस माझ्याशी."

टोपी कुठे आहे ते मला माहीत होतं. एप्रिलपासून ती फ्रिजच्या मागे होती, जिथे मी फेकली होती. मी ती ओढून काढली, झटकली, आणि तिच्या हातात दिली. तिने ती कडीवर अडकवली आणि दार लावून घेतलं.

मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. ठोके सुरू झाले, पाच-पाच, तिच्या बापापेक्षा सावकाश. दुपार झाली. चोवीस झाली. पंचविसावं ती त्या पालथ्या नळीच्या नावाने करत असणार, कारण आता ठोके आणखी हळू पडत होते.

ठक. ठक. ठक. ठक.

आणि थांबले.

तोच पाच महिन्यांचा सन्नाटा. माझ्या तोंडाशी आलं, "वाइनो, चुकलं रे माझं." मी हाताने तोंड दाबून धरलं. समोर टोपी होती. मी त्याने सांगितलं होतं तसं मोजायला लागले. एक. दोन. आतून कसलाच आवाज नाही. पाच. सहा.

सातवर पाचवा ठोका पडला. तरी मी दहा पुरे केले, आणि मगच ते तोंडाशी आलेलं वाक्य त्या दाराला म्हटलं.