तिसरा चमचा

बारा ते तीन संचारबंदी उठायची. शनिवारी तेवढ्यातच कॉलेजच्या हॉलमध्ये हंगेरीचा सिनेमा दाखवायचं ठरलं. रिळांचे डबे पुण्याहून आलेले, सोमवारी परत जायला हवे होते. रंगनाथ सरांनी निरोप पाठवला, "तुम्ही नाही आलात तर वाचणार कोण?" आमच्या फिल्म सोसायटीची ती रीतच होती. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं उमटली की मी माइकवर मराठीत वाचायची. आडत दुकानदारांपासून प्राध्यापकांच्या बायकांपर्यंत सगळ्यांनी युरोप माझ्या आवाजात ऐकला होता.

मला जायचं नव्हतं. घरी मागच्या खोलीत दैवशाला होती.

औरंगाबादच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो, एकाच वर्षी बी.ए. झालो. ज्या विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला होता, त्याचीच पदवी दोघींकडे. माझी पेटीत होती. तिची मंगळवारी जळाली, जिंतूरकडच्या त्यांच्या बौद्धवस्तीसोबत. दोन रात्री चालून गुरुवारी पहाटे ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. माझे यजमान तिच्या नवऱ्याला, नागनाथला, शोधायला नांदेडला गेले. सोमवारी जीप घेऊन दोघं येणार होते. तोवर तिला लपवायचं काम माझं.

घरमालक दिनकरराव पुढच्या भागात राहायचे. अंगण एकच. त्यांचे पुतणे ट्रॅक्टरवर बसून कुठंकुठं जाऊन येत होते, आणि दिनकरराव ओट्यावर सुपारी कातरत सगळ्यांना ऐकवत होते, "त्या लोकायला कुणी घरात घेतलं तर मग आमी हाव आन् ते हायेत."

मी सगळं सांभाळलं. तिच्या चपला ज्वारीच्या कणगीत पुरल्या. तिची साडी माझ्या साडीखाली वाळत घातली. ती खोकली की रेडिओ लावला. माझी लेक अडीच वर्षांची, "मावशी, मावशी" करत त्या खोलीकडे धावायची, म्हणून तिला कडेवरून खाली ठेवलंच नाही. हॉलमध्येही तिला घेऊनच गेले. गेले नसते तर का आली नाही म्हणून दिनकरराव विचारायला आले असते. ते सोसायटीचे सभासद. दुसरी रांग, कडेची खुर्ची.

खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या आणि सिनेमा सुरू झाला. युद्धातलं बुडापेस्ट, पण युद्ध कुठं दिसतच नव्हतं. एक जिना दिसत होता आणि जिन्यावर वाजणारे बूट. शिवणकाम करणारी एक बाई, तिची म्हातारी आई, आणि कपाटामागं त्यांनी दडवलेला एक ज्यू घड्याळजी. बाई मोठी हुशार. त्याचा कोट तिनं उसवून परकर शिवला. मग दंडाला पट्टी बांधलेला एक माणूस आला. त्यानं कपाट उघडलं नाही, काही नाही. खुर्चीवर बसला आणि फडक्यावर वाळत ठेवलेल्या चमच्यांकडे बघत राहिला.

अक्षरं उमटली. मी वाचलं, "घरात तुम्ही दोघीच ना?"

पुन्हा उमटली. मी फडक्यावरचे चमचे मोजत राहिले.

"बाई, वाचा की! का डोळा लागला?" दिनकरराव ओरडले. हॉल हसला.

"मग तिसरा चमचा कुणाचा?" मी वाचलं, आणि मला आमची देवळी दिसली.

आमच्या न्हाणीजवळ भिंतीत देवळी आहे. माझ्या सासूबाई, कमलबाई, मानवतकडच्या खेड्यातून आल्या तेव्हापासून तिच्यात कान तुटलेली एक कपबशी पालथी असते. मोळीवाली आली की तिचा चहा त्यात. गुरुवारी सकाळी सासूबाईंनी दैवशालाचा चहा त्याच कपात ओतला आणि मीच तो आत नेला. ती माझ्याकडे बघत प्यायली. मी खिडकीची कडी बघत राहिले. तेव्हापासून रोज तीन वेळा तो कप विसळून परत देवळीत जात होता. भर अंगणात. चपला पुरायचं मला सुचलं, कप घरात घ्यायचं सुचलं नाही.

रीळ संपली, दिवे लागले. दिनकररावांनी छत्री उचलली. "दुसरी चढवस्तोवर चहा घेऊन येतो. घर काय लांब हाय?"

मी माइक सरांच्या हातात दिला.

"अहो, खरा सिनेमा तर पुढंच आहे!"

"तुम्ही वाचा," मी म्हणाले आणि लेकीला छातीशी धरून पळाले.

अंगणात पोचले तेव्हा दिनकरराव देवळीपाशी उभे होते. हात न लावता, छत्रीच्या टोकानं त्यांनी पालथा कप सुलटा केला. आतून पाणी ओघळलं.

"वहिनी, मोळीवाली आली होती का?"

"न्हाई बा," चुलीपुढून सासूबाई म्हणाल्या.

"मग हे वलं कसं? कोण पेलंय यात?"

"मी," मी म्हणाले.

ते वळले. "तुमी, सूनबाई?"

"मी बाहेरची झालेय, काका. सकाळपासून."

दिनकरराव दोन पावलं मागं सरले. कुणाच्या सुनेनं असं तोंडावर सांगितलं नसेल त्यांना. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आन् तसंच तिथं माइकवर..."

सासूबाई कमरेवर हात देऊन बाहेर आल्या. "काय सांगू भावजी, शिकलेली सून! म्हणलं, बस गप मागच्या खोलीत. तर म्हणे सर वाट बघायलेत! पोरीला बी कडेवर घेऊन गेली." माझ्याकडे वळल्या. "झबलं काढ तिचं. दे इकडं."

मी झबलं काढलं. उघड्या लेकराला विटाळ लागत नाही. सासूबाईंनी तिला ओढून घेतलं तशी ती रडायला लागली, "मावशी, मावशी." त्या रडण्यात ते मलाच तेवढं कळलं असावं, अशी मी आशा धरली.

"मला बी न्हावं लागतंय आता," म्हणत दिनकरराव गेले.

"मंगळवारपस्तोर त्या खोलीकडं कुणी फिरकायचं न्हाई!" सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हाक घातली. मग मला म्हणाल्या, "जा. बस." त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही समजेना. नाटक चाललं होतं, की मी खरंच बाहेरची झाले होते?

मागच्या खोलीत अंधार. दैवशालानं सगळं ऐकलं होतं. पोत्याला टेकून बसलेली ती थोडी सरकली.

"ये. घोंगडी टोचती. होईल सवय."

थोड्या वेळानं सासूबाईंनी उंबऱ्यावर कप ठेवला, वरून चहा ओतला. एकच कप. "दोन दिसले तर पुन्हा विचारंल त्यो," त्या पुटपुटल्या.

त्यांच्यामागून लेक आली, "आई" म्हणून हात पुढं केला. मीही केला. सासूबाईंनी तिला मागं खेचलं. "शिवू नको गं माय." ती हाताकडं बघत राहिली, आपल्या की माझ्या, कोण जाणे. सोमवारपर्यंत किती वेळा ती अशी येणार होती!

दैवशालानं कप उचलून माझ्यापुढं धरला. "आधी तू पी. का माझ्या हातचं न्हाई चालायचं?"

मी अर्धा प्याले. तुटक्या कानाची धार बोटाला लागत होती. उरलेला तिला दिला.

तिनं एक घोट घेतला. "साखर कमी हाय," ती म्हणाली. "गुरुवारपासून कमीच हाय. म्हणलं, कुणाला सांगावं."