कडूबाच्या लेपाचं पथ्य

टेंभुर्णीच्या कडूबाचा लेप घ्यायला दर रविवारी माणसं यायची. गाठ कसलीही असो, अगदी कॅन्सरची असली तरी. कडूबा पैशाला शिवायचा नाही, फक्त नारळ घ्यायचा, आणि फुकट देणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं लोकांचं सरळ म्हणणं. पथ्य एकच, त्याच्या बापापासून चालत आलेलं: गुण आला की सांगायला यायचं नाही, औषधाची ताकद जाते. गुण नाही आला तरच परत यायचं. वीस वर्षांत परत आलेले बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सगळे बरे झाले, असं कडूबा छातीठोक सांगायचा. बिचाऱ्याला ते खरंही वाटायचं.

आणि आता त्याच्याच बायकोच्या, उषाबाईच्या, छातीत गाठ निघाली होती. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासून कॅन्सर सांगितला, ऑपरेशनची तारीख दिली. "घरात औषध असताना चिरफाड कशाला?" म्हणत उषाबाई गेलीच नाही. दीड महिना कडूबानं स्वतःच्या हातानं लेप लावला. आता तिथली कातडी काळी पडून फाटली होती, वास येत होता, तीन दिवसांपासून अंगात ताप होता. जालन्याला नोकरीला असलेला मुलगा अंगद गाडी घेऊन आला होता आणि माय खाटेवरून उठायला तयार नव्हती.

"हसनाबादच्या मच्छिंद्राची बायको बरी झालीच ना?" ती कण्हत म्हणाली. "तिची तर माझ्याहून मोठी गाठ व्हती. लेप आतलं सडकं बाहेर काढून राह्यलाय."

"बरी झाली हे कोणी सांगितलं?" अंगद बापावर भडकला. "दादा, मच्छिंद्राला फोन लावा. आत्ताच्या आत्ता."

"पथ्य मोडतं रे."

"मोडू द्या! माय मरून राह्यली इथं!"

कडूबानं ओसरीत जाऊन नंबर लावला.

"रामराम. घरच्या कशा हायेत?"

"दिवाळीच्या आधीच गेली ती," मच्छिंद्र म्हणाला. "लेपाची जखम चिघळत गेली. दवाखान्यात नेली तवा लई उशीर झाल्ता."

"मंग मला सांगायला का न्हाई आलात?"

"मेलेल्या माणसाचं काय सांगायला येऊ? तुम्हाला शिव्या घालायला निघालो व्हतो. भावांनी धरून ठेवलं."

फोन बंद झाला. परत न येणाऱ्यांत मेलेलेही असतात, एवढी साधी गोष्ट वीस वर्षं आपल्या टाळक्यात शिरली नाही, याची कडूबाला भयंकर लाज वाटली. खोटं बोललं तर बायको इथंच मरणार होती. खरं बोलायला जीभ रेटत नव्हती. तो आत गेला.

"काय म्हणले? बरी हाय ना ती?"

"न्हाई. गेली," कडूबा म्हणाला. "माझ्या लेपानं गेली. तू ऊठ. तुझ्या पाया पडतो, गाडीत बैस."

"आन् बाकीचे?" उषाबाईनं विचारलं.

"कधी इचारलंच न्हाई," कडूबा म्हणाला.

ती अंगदच्या खांद्याला धरून उठली, एकेक पाऊल टाकत गाडीपर्यंत गेली. कडूबा मागोमाग चढायला लागला, तशी तिनं दार ओढून घेतलं.

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "ज्याला ज्याला लेप लावला त्याच्या घरी जा. कोण जितं हाय, इचारा."

गाडी गेली. कडूबा चपला घालून रस्त्यावर आला. आधी कुणाच्या दारात जावं, हे त्याला कळेना.