हात पोचेल इतकी उंची

मी एक ओकची फळी आहे. नेब्रास्कातल्या एका लहान कॉलेजात, खेळाडूंच्या खोलीतून अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाकडे जाणाऱ्या दाराच्या वर मी टांगलेली असते. त्यापूर्वी मी मक्याच्या कोठाराची भिंत होते. कोठार पाडले, तेव्हा कुणी माजी खेळाडू मला इथे घेऊन आला.

मला टांगण्यामागे त्याचा काही हेतू होता की नाही, हे सांगता येणार नाही. एकदा एका उंच खेळाडूने बाहेर पडताना माझ्यावर सहज थाप मारली आणि नेमका त्याच दिवशी संघ जिंकला. एवढे भांडवल रूढीला पुरते. पुढे सारे खेळाडू, आणि सर्वांच्या शेवटी मुख्य प्रशिक्षक, मला थाप देऊनच मैदानात उतरू लागले.

मग एका हंगामात मर्ल किटेलसन हे नवे मुख्य प्रशिक्षक आले. पहिल्याच दिवशी, आसपास कुणी नसताना, त्यांनी माझ्याकडे हात उंचावला. बोटे वीतभर खाली राहिली. त्यांनी मागे वळून पाहिले आणि हात खिशात घातला.

पहिल्या सामन्याला ते माझ्याखालून तसेच गेले.

"कोच, फळी राहिली," मागून कुणीतरी म्हणाले.

"फळी कुणाला अडवत नाही. अडवायचं तुम्ही."

संघ हरला, पुढेही हरतच राहिला. मैदान मला दिसत नाही, पण दाराशी रेंगाळणाऱ्यांचे बोलणे ऐकू येते. "फळीचा मान ज्याला राखता येईना, तो संघ काय राखणार?" असे गाव बोलू लागले. शेजारच्या कॉलेजाविरुद्धचा शेवटचा सामना हरल्यास किटेलसन यांना निरोप द्यायचा, असे व्यवस्थापनाने ठरवले. किटेलसन यांनी खरे कारण सांगितले असते तर लोक हसून गप्प बसले असते. पण माणसे उद्धट म्हणवून घेतील, उणे म्हणवून घेणार नाहीत.

एका दुपारी सराव संपल्यावर ते एकटेच दाराशी आले आणि त्यांनी चक्क उडी मारली. उडी हुकली. मागे डेशॉन प्रूइट उभा होता: आघाडीच्या फळीतला, दार भरून टाकणारा गडी.

"कोच, हात पोचत नाही होय?"

"पोचतो. मनात नाही माझ्या."

"मग उडी कशापायी मारली?"

"पाय मोकळे करत होतो. मैदानाला फेऱ्या मार जा. तोंडही मोकळं होईल."

डेशॉन निमूट पळाला. पण सामन्याच्या आदल्या दिवशी तो सोबत्यांना घेऊन आला, हातात नट सोडवायचे पाने आणि मला खाली टांगायला लांब साखळ्या.

"अरे, ती आजवर तिथंच होती," एकजण कुरकुरला.

"होती ना. आता इथं राहील. कोचच्या हाताला लागेल अशी."

दुसऱ्या दिवशी ते धिप्पाड खेळाडू वाकून, मला थापटत बाहेर पडले. शेवटी किटेलसन आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग डेशॉनच्या पाठीकडे. ताठ चालत आले आणि मला थाप दिली. तो हात गार होता.

सामना संपला. खेळाडू परतले ते वाकूनच; आता वाकण्यावरून जय-पराजय मला कळेना. मग किटेलसन आले, डोक्यापासून बुटांपर्यंत भिजलेले. विजयानंतर प्रशिक्षकाच्या डोक्यावर बर्फाच्या सरबताचे पिंप रिकामे करण्याची इथली चाल आहे. परतताना मला थाप देण्याची मात्र कधीच नव्हती. त्यांनी दिली. तो चिकट हात बराच वेळ माझ्यावर होता.

आता नवे खेळाडू आले आहेत. परवा एकाचे कपाळ माझ्यावर आपटले.

"ही एवढी खाली का रे?"

"पूर्वीचे खेळाडू बुटके होते म्हणे," दुसऱ्याने गंभीरपणे सांगितले.

किटेलसन जवळच होते. त्यांनी खुलासा केला नाही. मीही करत नाही. कथा खुशाल बदला. कुणी माझा मान वाढवायला मला पुन्हा वर चढवू नका, एवढीच विनंती.