न्हाई शेवटी येतं

वडगाव रासाईच्या नदीकाठानं कंपनीची पाइपलाइन जाणार होती. ज्यांच्या जमिनी, त्यांचं म्हणणं आवाजात टिपून जसंच्या तसं टाइप केलं होतं. उद्या ग्रामसभेत तेच पडद्यावर दिसणार होतं. कारेगावच्या ऑफिसात तेजश्री शेवटची नजर फिरवत होती आन् अनसाबाईपाशी थबकली.

‘लेकरा, भीमामाय साक्ष हाय, नदीकाठची जागा सासूनं जांभळीसकट माझ्या वटीत घातली, तिथं मी पाइप पुरू देनार’

पुढं कुणीतरी हिरवी खूण केलेली. संमती.

तेजश्री त्याच गावची. अनसाबाई आन् संमती? तिनं टिपलेला आवाज लावला. ‘देनार’च्या मागून खणखणीत आलं, ‘न्हाई!’

तिचे साहेब रविराज सर, त्यांनी म्हणणं भरायच्या रकान्याला व्हारचार शंभर दिलं होतं. शंभर अक्षरांची जागा. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगवेगळं मोजायचं आन् उरलेलं गुपचूप कापायचं.

“सर, रकाना टेक्स्ट करते. कितीही लांब बोललं तरी मावेल.”

“एवढ्यासाठी? उद्या द्यायचंय, डेटाबेसला हात लावू नकोस. बाईंना सांग, थोडक्यात बोला. नुसतं ‘नाही’ म्हणा.”

तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

“थोडक्यात?” अनसाबाई कडाडली. “माझी सासू थोडक्यात नांदली व्हय? जांभळ थोडक्यात वाढली? ववीत भावाचं नाव कवा येतं? शेवटाला. तसं माझं न्हाई. आधी माय, मग सासू, मग जांभळ, मग न्हाई!”

“अहो आजी, जागा कमी आहे,” सर मधेच म्हणाले.

“मंग खोकं मोठं करा की, सायेब. मी बारीक व्हनार न्हाई.”

फोन कट झाला. सर हसले. “वाचणाऱ्यांना एवढा वेळ नसतो, तेजश्री. आहे तसं पाठव.”

“कापलेलं मी पाठवणार न्हाई,” तेजश्री म्हणाली. ऑफिसात ती नेहमी ‘नाही’ म्हणायची.

“मग जबाबदारी तुझी.”

“माझीच.”

तिनं रकान्याचा प्रकार बदलला. पण कापलेलं त्यानं परत येत नव्हतं. तिनं एकेक आवाज पुन्हा ऐकला, एकेक शेपूट पुन्हा जोडलं. आणखी तिघांचं ‘न्हाई’ सापडलं. हिरव्या खुणा पुसल्या.

ग्रामसभेत अनसाबाईचं बोलणं पडद्यावर उमटलं. ओळी भरत गेल्या आन् शेवटच्या ओळीवर एकच शब्द उरला.

अनसाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तेजश्रीला कोपरानं ढोसलं. “ते खाली एकटंच काय बसलंय गं?”

“तुमचं न्हाई हाय ते, आज्जी.”

“बसू दे,” ती पदर खोचत म्हणाली. “आता ते उठत न्हाई.”