उत्तररंगाआधी

हज़रतगंजच्या चौकात ते होर्डिंग लागलं आणि विनीता ऑफिसला मागच्या गल्लीने जायला लागली.

होर्डिंग होतं चष्म्याच्या दुकानाचं. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर एका म्हातारीचा सुरकुतलेला हात, चिमटीत ओठांनी ओला करून टोक काढलेला धागा, समोर सुई, आणि खाली एवढंच लिहिलेलं: ‘सुई तो वही है, अम्मा।’ चिकनकारीचं, कापडावरच्या नाजूक भरतकामाचं गाव हे. इथे घरोघरी एखादी अम्मा सुईशी भांडत बसलेली असतेच. त्यामुळे ई-रिक्षावालासुद्धा मान वर करून वाचायचा आणि गालात हसायचा. विनीताला मात्र तिकडे बघवत नव्हतं, कारण जगाने तिची म्हणून वाखाणलेली ती ओळ तिची नव्हती.

जाहिरातींची एजन्सी होती तिची आणि राजेशची, चपलांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की. माणसं मोजकीच, जागा त्याहून कमी. राजेश इथलाच, जिभेवर साखर आणि डोक्यात हिशेब. विनीता मूळची साताऱ्याची. वडील मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनिअर होते. ते निवृत्त होऊन गावी परतले, ही इथेच रुजली. दिवसभर लोकांना साबण, शाळा आणि फ्लॅट विकणाऱ्या ओळी लिहायच्या, आणि महिन्यातून एका शनिवारी मानक नगरच्या कॉलनीत शामराव आजोबांच्या कीर्तनाला पेटीवर बसायचं. त्या दोन तासांत तिला आपण स्वच्छ धुऊन वाळत घातल्यासारखं वाटायचं.

एजन्सीची एक रीत होती. नोकरी मागायला कुणी आलं की हातात असलेलंच एखादं काम त्याच्यापुढे टाकायचं आणि म्हणायचं, बघू, तुला काय सुचतं. राजेश याला टेस्ट म्हणायचा. “इंटरव्यू में जो बोल दिया, वो सबका हो गया,” हे त्याचं तत्त्वज्ञान. विनीता यावर नाक मुरडायची, पण रीत काही मोडायची नाही.

स्वरदा आली ती शामरावांच्या शब्दावर. हवाई दलातल्या हणमंतरावांची मुलगी, राहायला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. आईबापाबरोबर कीर्तनाला यायची. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र निम्मी गाडी हिंदीच्या रुळावर. “पोरगी चुणचुणीत आहे, बघ जरा,” आजोबा म्हणाले होते.

तेव्हा चष्म्याच्या दुकानाचं काम अडलेलं होतं. विनीताने तेच तिच्यापुढे टाकलं. पोरीने पेन्सिल चावली, छताकडे बघितलं, आणि अम्मा, सुई, धागा असं सगळं तोंडीच सांगून टाकलं. ओळीसकट. विनीताच्या अंगावर सरसरून काटा आला. पंधरा वर्षं ह्या धंद्यात काढली म्हणजे सोनं समोर पडलं तर ओळखता येतं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “कळवते मी.”

दुसऱ्या दिवशी दुकानाचे मालक अवस्थीजी समोर बसले होते आणि एजन्सीने नेलेलं एकेक चित्र बाजूला सारत होते. राजेशच्या कपाळावर घाम जमला. विनीताने तोंड उघडलं आणि तोंडातून अम्मा बाहेर पडली. तिने ठरवलं नव्हतं, खरंच नव्हतं. अवस्थीजी खुर्चीतून उठलेच.

“वाह! मैडम, ये आपको सूझा?”

भल्या माणसांची स्तुती झाली की ती जशी नजर खाली घालतात, तशी विनीताने घातली. तेवढ्याने काम झालं.

परतताना ती मनाशी म्हणत होती, पोरीला नोकरी देऊ आणि एक दिवस सगळं सांगून टाकू. पण जिना चढता चढता तिला दिसायला लागलं: पोरगी ऑफिसात येणार, भिंतीवर आपलीच अम्मा बघणार, सगळ्यांसमोर विचारणार. मग संध्याकाळी तिने स्वरदाला कळवलं, सध्या आमच्याकडे जागा नाही. वाईट सुचलं असतं तर पोरीला कदाचित नोकरी लागली असती.

आणि आता तो शनिवार आला.

कडाक्याची थंडी. कॉलनीच्या हॉलमध्ये बायका शाली लपेटून बसलेल्या, पुरुषांच्या डोक्याला माकडटोप्या. शामराव कीर्तनाला उभे राहिले, उपरणं सावरलं, चिपळ्या वाजवल्या, आणि ऐंशीच्या घरातला तो म्हातारा पंचविशीचा झाला. विनीताने त्यांच्या सुरात सूर मिळवला. दुसऱ्या ओळीत भिंतीलगत हणमंतराव ताठ बसले होते, शेजारी त्यांची बायको. स्वरदा बायकांत मागे कुठेतरी होती. विनीताने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि म्हणून तिला तीच दिसत होती.

पूर्वरंग रंगला. देव जवळ असून दिसत का नाही, असा विषय. शामरावांची खोड अशी, की पोथीतला दृष्टान्त देऊन ते थांबायचे नाहीत. रस्त्यावरचा एखादा उचलून आणायचेच.

“परवा हज़रतगंजला गेलो होतो,” ते म्हणाले. विनीताचं बोट पट्टीवर थबकलं. “वर भली मोठी पाटी. एक अम्मा सुई ओवतेय. आणि खाली काय लिहिलंय? सुई तो वही है, अम्मा! अरे, सगळं निरूपण त्या पोरीने चार शब्दांत करून टाकलं. मी तासभर घसा फोडतोय! देव तोच आहे, बाबांनो. सुई नाही बदलली. नजर मंदावली तुमची-आमची!”

हॉल हसला, डोलला.

“आणि ह्या ओळीची धनीण कोण, ठाऊक आहे? ही बघा. पेटीवर बसलीय. आपली विनीता!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हणमंतरावसुद्धा कौतुकाने मान हलवत टाळ्या वाजवत होते. विनीताच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. परवाच रात्री आजोबांचा फोन आला होता, ‘ते पाटीवरचं तुझंच ना गं?’ म्हणून. नारदाच्या गादीवर उभं राहून खोटा शब्द जाता कामा नये, हा त्यांचा नेम. दृष्टान्तसुद्धा पारखून घ्यायचे. आणि ती म्हणाली होती, ‘आमच्याच ऑफिसचं, आजोबा.’ आजोबांनी विश्वासाने पुढचं गृहीत धरलं.

मध्यंतर झालं. शामरावांच्या गळ्यात हार पडला, नामाचा गजर सुरू झाला, आणि बुक्क्याची वाटी फिरू लागली. बायकांकडची वाटी स्वरदाच्या हातात होती. एकेक कपाळ करत ती पेटीपाशी आली आणि वाकली.

“काकू, एक बात पूछूँ?” गजरात फक्त विनीतालाच ऐकू येईल असं ती म्हणाली. “मला ना, आधी वाटलं, माझी आयडिया एकदम बेकार होती. इसलिए नहीं लिया. फिर चौक पर देखा. तुम्हाला तर ते आधीच सुचलेलं असणार ना? मी बोलले तेव्हा मनात हसला असाल तुम्ही.”

टोमणा असता तर विनीताने झेलला असता. पण पोरीच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. उलट थोडं समाधानच होतं, की मोठ्या माणसाला सुचलं तेच आपल्यालाही सुचलं. सुटायचा दरवाजा तिने आपल्या हाताने सताड उघडून धरला होता. नुसतं ‘हो’ म्हणायचं. एवढं म्हटलं की पोरगीही खूश, आजोबांची गादीही शाबूत, कुणाचं काही बिघडलं नाही.

विनीताची बोटं भलत्याच पट्टीवर पडली. गजर लडखडला. तबलजीने वर बघितलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “मला नव्हतं सुचलं. तू सांगितलंस तेव्हाच मी पहिल्यांदा ऐकलं.”

स्वरदाचं बुक्क्याने माखलेलं बोट हवेतच राहिलं. मग तिने वाटी शेजारच्या बाईच्या हातात दिली आणि मागे जाऊन भिंतीला टेकून बसली. विनीताचं कपाळ कोरंच राहिलं.

गजर संपला. शामराव कोमट पाण्याचे घोट घेत होते. विनीता सरकत त्यांच्याजवळ गेली आणि कानाशी लागून तिने सांगितलं. पेला ओठांपाशी थांबला.

“पण मी तुला फोन करून विचारलं होतं.”

“हो. मी अर्धंच सांगितलं.”

ते रागावले नाहीत. उपासाच्या दिवशी नकळत पोटात अन्न गेलंय असं कुणी सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

“तुम्ही सांगून टाका ना सगळ्यांना,” ती म्हणाली.

“माझ्या तोंडून गेलं ते मी परत घेतो. तुझं तू घे.”

आणि ते उभे राहिले. “मंडळी, मघाशी गादीवरून माझ्याकडून एक असत्य गेलं. देवाची आणि तुमची क्षमा मागतो. बाकीचं विनीता सांगेल.”

विनीता उभी राहिली. जाहिरातीची ओळ सुचायला तिला कधी वेळ लागला नव्हता, पण आता पहिलं वाक्यच जुळेना. कसंबसं तिने सांगितलं, की ओळ स्वरदाची आहे, अम्माही तिची, सुईही तिची. मी ती माझी म्हणून विकली.

“अगं बाई!” पहिल्या रांगेतल्या गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या नागपूरच्या, पोटात एक, ओठांत एक त्यांना ठाऊकच नव्हतं. “आणि आम्ही मेल्या हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या! आता त्या वापस घ्यायच्या कशा?”

दोघं-तिघं हसले, आणि हणमंतरावांकडे बघून गप्प झाले. हणमंतराव मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होते.

“और नौकरी?” भिंतीपासून आवाज आला. “ती का नाही दिली काकू? जागा नाही म्हणालात.”

हे सांगायचं विनीताने योजलं नव्हतं. चोरीची कबुली देऊन मोकळं व्हायचं, एवढीच तिची तयारी होती. खालचा हा दुसरा कप्पा तिने स्वतःपुढेही धड उघडला नव्हता.

“जागा होती,” ती म्हणाली. “तू आली असतीस तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून नाही दिली.”

विनीताने शाल उचलली आणि दाराकडे वळली.

“कुठे निघालीस?” शामराव म्हणाले. “उत्तररंग बाकी आहे. मी चिपळ्या वाजवू का भाता ओढू?”

ती परत बसली. पुढचा तासभर आजोबा भगवंताने भक्ताघरी उष्टी कशी काढली ते सांगत होते आणि ती खालमानेने सूर धरत होती. शेवटचा अभंग आला. अखेरच्या चरणात, नेहमीसारखं, तो रचणाऱ्या संताचं नाव आलं; नाव येताच आजोबांचा हात कपाळाला गेला, त्यांच्यामागे सगळ्या हॉलचा. किती शतकं किती गळ्यांतून हे गेलं असेल, आणि एकाही गाणाऱ्याने ते नाव काढून तिथे आपलं घातलं नाही. विनीता वर्षानुवर्षं ह्या चरणाला पेटी वाजवत आली होती. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. तिला हात जोडता येईना.

प्रसादाचा शिरा घेऊन लोक पांगत होते. स्वरदा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल, आवाज मात्र ठाम.

“सोमवारी मी येणार आहे. नौकरी के लिए नहीं. अवस्थीजींसमोर पण हेच बोला. मैं सुनूँगी.”

“ये,” विनीता म्हणाली.

राजेशने सोमवारी सकाळी कपाळावर हात मारून घेतला. “विनीता जी, भजन-कीर्तन अपनी जगह, धंधा अपनी जगह! क्लाइंट हाथ से जाएगा!” पण तो बरोबर आला. एवढी वर्षं भागीदारी केली होती ती काही अगदीच उगाच नाही.

अवस्थीजींनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरची चष्म्याची एक काडी उघडली, मिटली.

“मैडम, उस दिन मैंने तो आपसे सीधा पूछा था,” ते हळूच म्हणाले. विनीताला ओरडलेलं परवडलं असतं. मग ते खुर्ची वळवून स्वरदाकडे बघू लागले. “बिटिया, ये अम्मा हैं कौन?”

“हमारे नीचे रहती हैं,” स्वरदा म्हणाली. “सारी उम्र चिकन काढ़ा है. आजकल कहती हैं, सुइयाँ ख़राब आने लगीं. रोज़ नया पैकेट मँगवाती हैं मुझसे. एक दिन मैंने बोल दिया, सुई तो वही है, अम्मा.”

“फिर?”

“फिर बात करना बंद कर दिया. अब मैं दरवाज़े पर जाती हूँ तो काम आँचल के नीचे छिपा लेती हैं. मैंने होर्डिंग वाली बात उन्हें बताई ही नहीं. उन्हें लगेगा, पूरे शहर को बता दिया.”

अवस्थीजींनी टेबलावरचा तो चष्मा उचलून रुमालाने पुसला. म्हणाले, “चश्मा मैं ख़ुद लेकर चलूँगा. मानेंगी?”

“पता नहीं.”

विनीता टेबलाच्या काचेत बघत होती. त्या हाताच्या फोटोसाठी तिने चार म्हाताऱ्या आणवून बघितल्या होत्या, धाग्याच्या रंगावरून राजेशशी भांडली होती, अक्षरं बोटभर वर घ्यावीत का खाली यावर अख्खी दुपार घालवली होती. अम्मा कोण, हे मात्र तिने कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं तर स्वरदाला विचारावं लागलं असतं.

“मीही येऊ का बरोबर?” तिने विचारलं.

स्वरदाने तिच्याकडे बघितलं. राग अजून होता तिथे, चांगला धुमसत होता.

“या,” ती म्हणाली. “पण अम्मांशी मी बोलेन.”