मलायाच्या अजगराची अंडी

गवीपुरमच्या उतारावर नागोजीची कोंबड्यांची उबवणी होती, आणि नागोजीच्या हातचं अंडं वाया जात नाही अशी साऱ्या बेंगळूरात ख्याती होती. ही ख्याती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता, पण ती खोटी नव्हती. रॉकेलच्या दिव्यावर तापणाऱ्या लाकडी पेट्यांतून निघालेली त्याची पिल्लं कोलारपासून मैसूरपर्यंत जात. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, रात्री पुन्हा फुली. अंडं फिरवलं नाही तर आतला जीव टरफलाला चिकटून मरतो, हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि ते त्यानं जन्मभर पाळलं. कोंबडीसुद्धा चोचीनं अंडी फिरवतेच की, असं तो आल्यागेल्याला सांगायचा, जणू कोंबडी ही विद्या त्याच्याचकडून शिकली होती.

अशा माणसाच्या परसात अजगर आले ते मुलामुळे. रत्नाकर एकुलता एक. मलायात रबराच्या मळ्यावर कारकून म्हणून गेला आणि तिथे रमला. घरचा धंदा सोडून परमुलखात कारकुनी कसली, म्हणून नागोजीनं आई आजारी असल्याची तार करून त्याला परत बोलावलं. आई, म्हणजे अनुसूया, ठणठणीत होती. रत्नाकर आला तो दोन टोपल्या घेऊन, आणि टोपल्यांत अजगराची दोन पिल्लं. आपल्या रानातला अजगर, इथल्या बोलीत हेब्बावु, जाडजूड आणि सुस्त. हा मलायाचा अजगर लांबलचक, तापट, अंगभर काळ्यापिवळ्या जाळीची नक्षी असलेला. गवीपुरमात असला साप कुणी पाहिला नव्हता. शेजाऱ्यांनी आधी हळदकुंकू आणलं आणि साप वाढू लागल्यावर तक्रारी आणल्या.

परसातल्या पत्र्याच्या खोलीत रत्नाकरनं पाण्याचं टाकं बांधलं, उबेसाठी बल्ब टांगला, आणि उबवणीतल्या बाद कोंबड्यांवर ती जोडी वाढवली. माणसाच्या ताब्यात ही जात वीण देते का, हे त्याला बघायचं होतं. त्याला दुसरं काही सुचतच नसे. नागोजीच्या मते पोरगा वाया गेला होता. त्याला वळण लावायला म्हणून आधी उबवणीत बसवला. लक्ष लागेना म्हणून मामाच्या कापडदुकानात घातला. तिथं जरा बस्तान बसतंय तोवर ओळखपाळख काढून मारतहळ्ळीपलीकडच्या एका कारखान्यात चिकटवून दिला. रत्नाकर सायकलवरून जायचा, यायचा. एके दिवशी संध्याकाळी त्याच रस्त्यावर लॉरीनं त्याला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात अजगरांची जोडी जुळली. माघात नरानं अन्न सोडलं आणि तो मेला. फाल्गुनात मादीनं अंडी घातली. आता रत्नाकरचं म्हणून या जगात जे काही उरलं होतं, ते त्या पत्र्याच्या खोलीत होतं.

नागोजी त्या दिवशी पहिल्यांदा त्या खोलीसमोर तासभर उभा राहिला. मग घरात येऊन म्हणाला, ही अंडी मी उबवणार. पोराचं एवढं काम तरी मी पुरं करीन. अनुसूयेच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती चाचरत म्हणाली की रत्नाकर सांगायचा, मादी स्वतःच वेटोळं घालून बसते, मध्ये हात घालायचा नसतो.

"त्यानं आयुष्यात एक अंडं उबवलं होतं का?" नागोजी म्हणाला. "तिला ना हात ना चोच. ती फिरवणार कशानं?"

उबवणीतल्या गोष्टीत नागोजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मादीच्या तोंडावर घोंगडं टाकून, बसवंत नावाच्या गड्याच्या मदतीनं, नागोजीनं वेटोळं उकललं. पंधरा फुटांचं ते धूड फुत्कारत होतं, बसवंत मारुतीचं नाव घेत होता. अंडी हंसाच्या अंड्याएवढी, पांढरी, मऊ चामड्याच्या सालीची. पंचविसाच्या वर भरली. एक तेवढं चपटं, पिवळट, पोचा पडलेलं, खालच्या फळीला घट्ट चिकटलेलं होतं. कोंबडीचं असतं तर नागोजीनं ते उकिरड्यावर टाकलं असतं. पण उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली एखादं बाद अंडं ठेवलं की ती शांत बसते, हे धंद्यातलं जुनं शहाणपण. तेवढं एक त्यानं मादीला सोडलं. ती लगेच त्याच्याभोवती वेटोळं घालून बसली, आणि नागोजीला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

कामात त्यानं कसूर केली नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. मादीच्या वेटोळ्यात थर्मामीटर खुपसून त्यानं ऊब मोजली होती, पेटी नेमकी तेवढीच तापवली. मऊ सालीवर पेन्सिल उमटेना म्हणून शाईनं फुल्या आणि गोल काढले. आणि फिरवू लागला, दिवसातून तीनदा, तान्ह्या बाळाला कूस बदलून द्यावी तसा.

दुसऱ्या आठवड्यात अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर एक अंडं धरून त्यानं बायकोला लाल शिरांचं जाळं दाखवलं. जीव धरला होता. अनुसूयेनं ते अंडं हातात घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही. त्या काही दिवसांत नवराबायको पुन्हा समोरासमोर बसून जेवायला लागली.

मग शिरा फिकट पडू लागल्या. एक अंडं आत खचलं, त्याला वास आला. पाठोपाठ दोन. नागोजीला वाटलं, फिरवणं कमी पडतंय, आतला जीव सालीला चिकटतोय. त्यानं फिरवणं वाढवलं. जितकी अंडी मरत तितका तो उरलेली जास्त जपून, जास्त वेळा फिरवी. कोंबड्यांच्या पेट्या त्यानं बसवंतवर सोडल्या. वैशाख संपता संपता शेवटचं अंडं काळवंडलं. त्यानं ते कापून पाहिलं. आत करदोट्याएवढा साप होता, अंगावर जाळीची नक्षी उमटलेली. नागोजीनं सगळं शेवग्याखाली पुरलं, हात धुतले, आणि घरात येऊन बायकोला सांगितलं की नरच रोगट असणार, बीजच वाईट होतं. तिनं पान वाढलं.

मादीकडे बघायचंच त्यानं सोडून दिलं होतं. तिला पाणी ठेवायला रोज अनुसूया जाई. अंडी घातल्यापासून मादीनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. कातडी सैल पडली होती, पाठीचा कणा दिसू लागला होता. ज्येष्ठातल्या एका दुपारी अनुसूया उबवणीच्या दारात आली आणि जरा इकडे या म्हणाली. एवढंच.

वेटोळं सैल झालं होतं. मध्ये ते चपटं, पोचा पडलेलं बाद अंडं होतं, आणि त्याची साल फाटून बोटाएवढं एक डोकं बाहेर आलं होतं. जीभ लवलवत होती. नागोजी बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्यानं धंद्यातला प्रश्न विचारला, कारण दुसरा त्याला येत नव्हता.

"हिनं हे किती वेळा फिरवलं?"

"एकदाही नाही," अनुसूया म्हणाली. "मी रोज बघते की. घातलं त्या दिवशी जसं होतं तसंच आहे."

कोंबडीची विद्या कोंबडीपुरती होती, हे कळायला नागोजीला एक क्षण पुरला. नर रोगट नव्हता, बीज वाईट नव्हतं. सगळी अंडी चांगली होती.

"म्हणजे मीच मारली," तो म्हणाला. "फिरवून फिरवून."

तुम्ही तरी काय करणार, तुम्हाला काय ठाऊक, असं काहीतरी ती म्हणेल अशी त्याची अपेक्षा होती. तीस वर्षं ती तसंच म्हणत आली होती. अनुसूयेनं पाण्याचा तांब्या उचलला.

"त्याला तरी कुठे एका जागी बसू दिलंत?" ती म्हणाली, आणि घरात गेली.

पोर गेल्यापासून हेच वाक्य नागोजीच्या मनात रोज येत होतं. तिच्या मनात ते आलंच नसेल, एवढ्या एका आशेवर तो आजवर तिच्या हातचं जेवत होता.